प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली सांभाळा, राजेहो!

तुमच्या शाळेत काचसामान आहे ना? बोरोसिलिकेटचं, मिलिलिटरच्या खुणा असलेलं, जडवस्तू नोंदवहीत रीतसर चढवलेलं? मग ते कुलपातच राहू द्या. परीक्षानळी फुटते ती पोट्ट्यांच्या हातात. कपाटात आपण होऊन एखादी फुटल्याचं अजून ऐकिवात नाही. आणि एकदा फुटली की ती नोंदवहीतून कमी करायला निर्लेखनाचा प्रस्ताव करा, सह्या घ्या, संस्थेकडे पाठवा. दहावीच्या प्रात्यक्षिकाचे 20 गुण तर नळी न फोडताही देता येतात. दरवर्षी देतोच आपण.

इथवर तुमचं उत्तम चाललं आहे. धोका आहे तो डबड्या-बाटल्यांचा. खोकल्याच्या औषधावरचं मापाचं टोपण, गोळ्या संपलेली पाकिटं, होमिओपॅथीच्या एक-दोन ड्रॅमच्या इवल्याशा कुप्या, पार्सल तर्री-पोह्यांसोबत आलेली झाकणाची वाटी असला माल घेऊन एखादी नवी मॅडम वर्गात शिरली, की समजा तुमच्या शिस्तीचं काही खरं नाही.

कारण ही डबडी-बाटली दिसते क्षुल्लक, पण काम करते. गोळ्यांचं पाकीट घ्या. गोळी मागून फॉइल फाडून निघते, पुढचा प्लॅस्टिकचा खळगा शाबूत राहतो. उरलेलं फॉइल सोललं की दहा खळग्यांचं ताट तयार. प्रत्येकात हळदीच्या पाण्याचे दोन थेंब. एकात धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकलं की लालभडक, दुसऱ्यात संत्र्याचा रस टाकला तर पिवळं ते पिवळंच. मग एखादा पोट्टा न विचारता लाल खळग्यातही संत्रं पिळत बसतो, बुडबुडे येतात, रंग परत पिवळा होतो, आणि तो ओरडतो. बाजूच्या वर्गातले सर येऊन दारात उभे राहतात. हे तुम्हाला परवडणार आहे का?

ड्रॅमच्या कुपीत मोरचुदाचं पाणी आणि लोखंडी खिळा टाकला तर आणखी पंचाईत. खिळ्यावर तांबं चढतं, निळा रंग फिका पडतो, आणि चाळीस मुलांच्या चाळीस कुप्या असल्याने ते चाळिसांनाही दिसतं. फळ्याजवळच्या एका नळीत कसं, पहिल्या बाकालाच दिसतं. मागचे शांत असतात.

हिशोबाचंही पाहा. परीक्षानळीत पाच मिली आम्ल ओतलं तर चाळीस मुलांना 200 मिली लागतं. टोपणात दहा थेंब म्हणजे अर्धा मिली. सगळ्या वर्गाचं 20 मिलीत भागतं. बाटली संपतच नाही! मग मार्चअखेरीस वेतनेतर अनुदान कशावर टाकायचं?

म्हणून आक्षेप आधीच तयार ठेवा. पहिला: प्लॅस्टिक बर्नरवर तापवता येत नाही. हे शंभर टक्के खरं आहे, तेव्हा न तापवायचे प्रयोगही बंद करा. दुसरा: इंजेक्शनच्या वापरलेल्या कुप्या आणि सिरिंजा शाळेत नकोत. तेही खरंच, 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार तो माल दवाखान्यातून शाळेकडे येताच कामा नये. पण एवढ्यावर थांबू नका. याच नियमाचा धाक घालून नागपुरातल्या गांधीबागेच्या दवाबाजारातून आणलेल्या कोऱ्या कुप्याही परत पाठवा. तिसरा: खाण्यापिण्याच्या डबीत रसायन ठेवलं तर कोणीतरी तोंडाला लावेल. ही भीती खोटी नाही, शीतपेयाच्या बाटलीत आम्ल ठेवणाऱ्याला चार शब्द सुनवायलाच हवेत. वेगळी कुपी घेऊन तिच्यावर नावाची चिठ्ठी डकवली की काम होतं, पण हे तुम्ही बोलू नका.

एवढ्यानेही मॅडम ऐकत नसतील तर तीन दरपत्रकं मागा. फुकटच्या टोपणाला तीन दरपत्रकं कुठून आणणार बिचाऱ्या? बिल नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून वस्तू नाही. लेखापरीक्षणात तुम्ही सुटलात. मारबतीच्या दिवशी पुतळ्याची मिरवणूक काढून ओरडतो ना आपण, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’, तसं त्या डबड्यांचं पोतं भंगारवाल्याकडे रवाना करा.

28 फेब्रुवारीला मात्र कपाट उघडायचं. 1928 मध्ये याच दिवशी रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून विज्ञान दिन. रामन सुरुवातीला अर्थखात्यात नोकरी करत आणि कचेरीची वेळ सोडून प्रयोग करत. हा भाग भाषणात घेऊ नका, मुलं नको ते शिकतात. चंचुपात्रं पुसून टेबलावर मांडा, रंगीत पाणी भरा, पाहुण्यांसोबत फोटो काढा, पाणी ओतून टाका आणि सामान मोजून परत ठेवा. मुलांना विज्ञान बघायचंच असेल तर गांधीसागराजवळ रमण विज्ञान केंद्र आहे की, सहलीला न्या.

आणि त्या मॅडम? त्यांना बीएलओचं काम लावून द्या. मतदारयाद्या घेऊन भर मेमध्ये घरोघर हिंडतील, तर हळद आणि संत्र्याला वेळ कुठून मिळणार?