पुलाच्या कडेची पट्टी

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर एकच वाद चालू आहे. कोकणातल्या रेवस-रेडी सागरी महामार्गाचा पूल दाभोळच्या खाडीवर झाला तर बरं की वाईट? चुलतभाऊ म्हणतो, रात्री-अपरात्री पेशंट न्यायचा तर चिपळूणचा वळसा किती दिवस घालायचा? काका म्हणतात, पूल झाला की फेरीबोट बंद, दाभोळसमोरच्या धोपाव्याच्या धक्क्यावरची टपरी बंद, आणि गाड्या आपल्या दारावरून सुसाट गोव्याला. मी तोक्योत बसून दोघांनाही अंगठ्याचा इमोजी टाकत होतो.

मग नोव्हेंबरात जपानमधल्याच ओनोमिचीहून इमाबारीपर्यंत सायकल मारली. शिमानामी काइदो म्हणतात या वाटेला. सहा बेटं, मधे पूल, साधारण ७० किलोमीटर. सुरुवातच फेरीबोटीने झाली. समोरच्या मुकाइशिमा बेटाला जाणारी ती बोट पाचेक मिनिटांत पलीकडे टेकते. सोबत शाळेची पोरं आणि सायकलच्या टोपलीत कांद्याची पात घेतलेल्या एक आजी. दाभोळचीच आठवण आली, फक्त इथे कुणी भोंगा वाजवून घाई करत नव्हतं.

पूल मात्र बघत राहावे असे. हे पूल टोल भरायच्या द्रुतगती मार्गाचे, १९९९ पर्यंत सगळे झालेले. तरी पुलांवर चालणाऱ्यांना आणि सायकलींना वेगळी पट्टी आहे. इन्नोशिमाच्या पुलावर तर गाड्या डोक्यावरून धडधडतात आणि आपण खालच्या मजल्यावर, जाळीच्या पिंजऱ्यातून. पुलावर चढायचा रस्ता संत्र्यांच्या बागांमधून इतका सावकाश वळतो की माझ्यासारख्या पोट सुटलेल्यालाही उतरावं लागलं नाही. (कुरुशिमाच्या चार किलोमीटरच्या पुलावर वाऱ्याने मात्र घाम काढला.) आपल्याकडे २१.८ किलोमीटरचा अटल सेतू झाला, त्यावर सायकल सोडाच, मोटरसायकललाही बंदी. कारण विचारलं की उत्तर तयार: वेगाचा रस्ता आहे. अहो, जपानचा हाही वेगाचाच आहे!

पण काकांना अगदी चुकीचं ठरवावं असंही काही दिसलं नाही. वाटेतल्या इकुचिजिमा बेटावर लिंबांच्या बागा आहेत, आणि बागांत वाकलेली बहुतेक माणसं सत्तरीची. एका वळणावर पत्र्याच्या छपराखाली संत्र्यांच्या पिशव्या, शेजारी पैसे टाकायचा डबा, माणूस कोणी नाही. शंभर येन टाकून पिशवी उचलली. मागचं घर बंद होतं, दारावर वेल चढलेला. असं घर मी आमच्या वाडीतही पाहतो, फक्त तिथे गणपतीला कुलूप निघतं. पूल आले, बऱ्याच बोटी थांबल्या, तरुण गेले ते गेलेच. पुलाने रस्ता मिळतो, माणसं थांबत नाहीत, हे चुलतभावाला पटत नाही.

तरी माझं मत पुलाच्याच बाजूने. अट एकच: कडेची पट्टी नकाशावर आताच आखायला हवी. नंतर ती कोणी जोडत नाही. धोपाव्याच्या पोराला दाभोळला सायकलने जाता आलं, तर तो पूल गावाचा. नाहीतर तो मुंबईकरांचा.

हे सगळं फोटोसकट ग्रुपवर टाकलं. चुलतभावाने लगेच अंगठ्याचा इमोजी टाकला. काकांचा निरोप दुसऱ्या दिवशी आला: "पट्टी छान आहे. म्हैस जाईल का त्यावरून?"