कोर्टाने काहीच केलं नाही म्हणणाऱ्यांनी आधी जज फ्रँक जॉन्सन वाचावा

एक फॉरवर्ड सध्या सगळीकडे फिरतोय. म्हणणं असं की अमेरिकेत फेडरल जज, म्हणजे केंद्राच्या कोर्टाचा जज, राष्ट्राध्यक्ष नेमतो म्हणून तो त्याचाच माणूस, रोझा पार्क्स ही कृष्णवर्णीय बाई बसमध्ये गोऱ्यासाठी सीटवरून उठली नाही, लोक वर्षभर पायी चालले, बस कंपनी झुकली, कोर्टाचा काही संबंध नाही, आणि जन्मभराची नोकरी असलेल्या जजचं जातं काय? माझी भाची लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिने हे मला पाठवून खाली लिहिलं, मामा मग आम्ही शिकतोय कशाला. आता गप्प बसवत नाही.

अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराचा हा बसवरचा बहिष्कार डिसेंबर १९५५ ला सुरू झाला, ३८१ दिवस चालला, लोकांनी जे सोसलं ते मोठंच आहे. पण कंपनी झुकली म्हणून बसमधल्या सगळ्या सीट कृष्णवर्णीयांना खुल्या झाल्या हे साफ खोटं. कंपनी तर एप्रिल १९५६ मध्येच भेदभाव सोडायला तयार झाली होती, शहराच्या कारभाऱ्यांनी राज्याच्या कोर्टातून मनाई आणली! भेदभाव गेला तो ब्राउडर विरुद्ध गेल या केसमुळे आणि त्यात रोझा पार्क्स वादी नव्हत्याच. चौघीजणी होत्या, त्यातली क्लॉडेट कोल्व्हिन पार्क्सच्या नऊ महिने आधी अटक झालेली, पंधरा वर्षांची पोरगी. केस तीन फेडरल जजांपुढे, त्यातले एक फ्रँक जॉन्सन, वय ३७, जज होऊन वर्षही झालं नव्हतं. जूनमध्ये दोन विरुद्ध एक निकाल लागला. तो निकाल काढून वाचा. गोरे-काळे वेगळे ठेवायला मुभा देणारा सुप्रीम कोर्टाचा १८९६ चा प्लेसी निकाल कागदावर अजून उभा होता, ती मुभा काढणारा १९५४ चा ब्राउन निकाल शाळांपुरता होता, आणि बहुमतातले हे दोघं, जॉन्सन आणि राइव्ह्ज, सरळ लिहितात की प्लेसी डोळे झाकून पाळणं आमच्या विवेकाला पटत नाही. नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं, २१ डिसेंबरपासून बस खुल्या.

नेमणुकीत राजकारण असतं, हे मान्य करावंच लागेल. जॉन्सननी १९५२ मध्ये अलाबामात राष्ट्राध्यक्षपदासाठी आयझेनहॉवरचा प्रचार केला होता आणि नेमलंही त्यांनीच. पण म्हणून निकाल नेमणाऱ्याच्या मर्जीचा? मिसिसिपीत कृष्णवर्णीयांचा कोर्टात बसून अपमान करणारा फेडरल जज हॅरॉल्ड कॉक्स, समान हक्कांच्या बाजूचे मानले जाणाऱ्या केनेडींनी नेमलेला होता, त्याचं काय करायचं?

आणि जजचं जातं काय, हे वाक्य वाचून खरंच संताप आला. जॉन्सनच्या घरापुढे क्रॉस जाळला, ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची धमकी. १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला, ती वाचली म्हणून बरं. त्यांच्या बाजूने मत देणारे जज राइव्ह्ज, त्यांच्या मुलाच्या कबरीची विटंबना केली. लॉ स्कूलचा जुना सोबती, पुढे अलाबामाचा गव्हर्नर झालेला जॉर्ज वॉलेस भर सभांमधून त्यांना खोटारडा म्हणत फिरला. कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्कासाठीचा सेल्माचा मोर्चा जॉन्सननी सुनावणी होईपर्यंत आधी थांबवला होता हे खरं, पण १७ मार्च १९६५ ला त्याच वॉलेसच्या सरकारविरुद्ध परवानगी दिली ती त्यांनीच. तुरुंग, मनोरुग्णालयं, मतदार याद्या, त्यांच्या निकालांची ही यादी फार लांब आहे.

अलाबामात राज्य कोर्टाचे जज निवडून यायचे, वॉलेस स्वतः तसाच जज झालेला. फेडरल जजचा पगार कापता येत नाही, महाभियोगाशिवाय काढता येत नाही. हे संरक्षण नसतं तर १९५६ नंतर त्या राज्यात जॉन्सन अजून २३ वर्षं ट्रायल जजच्या खुर्चीत टिकले असते का, याचं उत्तर फॉरवर्ड लिहिणाऱ्याने द्यावं.