महत्त्वाकांक्षेचं उत्तर मॅकबेथ स्वतःच देऊन बसतो

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ हे नाटक वर्गात कसं शिकवते यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं असं: चौदा-पंधराच्या मुलांना चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी झेपत नाही, तेव्हा सोप्या भाषेत गोष्ट आणि ‘अति महत्त्वाकांक्षेने नाश होतो’ हे सार सांगून पुढे जावं; एका प्रवेशावर चार तास घालवणं पोर्शन संपवायला बांधलेल्या शिक्षकाला परवडत नाही; आणि खुनाखुनीचं नाटक या वयात हवंच कशाला?

गोष्ट आधी सांगायला माझी काहीच हरकत नाही, मीही सांगते. शेवट माहीत असल्याने शोकांतिकेची धार कमी होत नाही. माझं भांडण त्या साराशी आहे.

पहिल्या अंकातला सातवा प्रवेश काढून बघा. स्कॉटलंडचा राजा डंकन आपल्या सेनापतीच्या, मॅकबेथच्या, वाड्यात पाहुणा म्हणून जेवतोय आणि मॅकबेथ पंगतीतून उठून एकटा बाहेर आलाय. तो स्वतःशीच हिशेब मांडतो: मी याचा नातेवाईक, याचा प्रजाजन, वर यजमान, मारेकऱ्याला दार बंद करायचं ते मी, आणि मीच सुरा घेऊन कसा उभा राहू? राजा सौम्य आहे, त्याच्या हातून काही वावगं घडलेलं नाही. माझ्याकडे कारण एकच, उडी मारू पाहणारी महत्त्वाकांक्षा. हे तो स्वतः, त्याच शब्दात म्हणतो, खून व्हायच्या आधी! म्हणजे आपण फळ्यावर लिहून देतो ते सार त्याला पहिल्याच अंकात ठाऊक आहे. मुलांसमोर खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो: इतकं स्वच्छ कळत असताना माणूस तेच का करतो? सार आधी सांगितलं की हा प्रश्न विचारायची गरजच कुणाला वाटत नाही.

शेक्सपिअरने हे मुद्दाम घडवलंय. त्याने ही कथा होलिनशेड या इतिहासलेखकाच्या बखरीतून घेतली. तिथला मॅकबेथ एकटा नाही, त्याचा सोबती सरदार बँको याच्यासकट इतर मंडळी त्या कटात सामील आहेत. डंकन कारभारात मऊ आहे. आणि गादीवर आपला हक्क डावलला गेला ही मॅकबेथची तक्रारही आहे. घरी आलेल्या राजाचा रात्री खून, हा भाग त्याच बखरीतल्या दुसऱ्याच एका राजाच्या, डफच्या, हकिकतीतून उचललेला आहे. एकेक निमित्त काढून घेत नाटककाराने या माणसाला पळवाटच ठेवली नाही. हे मुलांना सांगितलं की ती ताठ बसतात, कारण निमित्तं शोधणं त्यांना नीट माहीत असतं.

आता भाषा. ‘आपण यात आणखी पुढे जायचं नाही,’ असं बायकोला बजावणारा मॅकबेथ पन्नासेक ओळींत ‘ठरलं’ म्हणून मोकळा होतो. मधे तो विचारतो, फसलो तर? तिचं उत्तर दोन शब्दांचं, ‘वी फेल’. शेक्सपिअरच्या नाटकांच्या 1623 च्या छापील संग्रहात त्यापुढे प्रश्नचिन्ह आहे, पण त्या काळी तेच चिन्ह उद्गारासाठीही वापरत. म्हणून पुढच्या संपादकांनी कुठे प्रश्न, कुठे उद्गार, कुठे नुसता पूर्णविराम घातला. मी तिन्ही फळ्यावर लिहिते आणि तिन्ही म्हणून दाखवायला सांगते. पूर्णविरामाने ती थंड होते: फसलो तर फसलो. उद्गाराने नवऱ्याला झिडकारते. प्रश्नचिन्हाचं वाचन ऐकून एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, ‘बाई, हिने फसण्याचा विचारच केला नव्हता.’ दोन शब्दांतलं इंग्रजी कुणालाही अवघड नव्हतं. चार तासांतला निम्मा वेळ अशा जागांवर गेला, आणि परीक्षेत लेडी मॅकबेथच्या स्वभावावर लिहायला मुलांकडे स्वतःचं काहीतरी होतं.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे. पाळीपाळीने मोठ्याने वाचायला लावणं अडखळणाऱ्या मुलांसाठी शिक्षा होते. पहिली काही वर्षं मी तेच केलं. एक मुलगी आपली ओळ यायच्या आधीच रडवेली झाली, तेव्हा थांबवलं. आता लांब भाषणं मी वाचते, मुलांना एक ओळ, अर्धी ओळ, तीही आदल्या दिवशी देते. शेजारी सोपं भाषांतरही ठेवते.

हिंसेबद्दल. डंकनचा खून रंगमंचावर दिसतच नाही. मॅकबेथच्या विरोधात गेलेल्या मॅकडफ या सरदाराच्या मुलाचा दिसतो, आणि तो प्रवेश येण्याआधी मी वर्गाला स्पष्ट सांगते. घरात कुणी गेलं असेल असं मूल वर्गात असू शकतं. पण त्यानंतरची जागा मी गाळणार नाही. बायकामुलं मारली गेल्याची बातमी आल्यावर डंकनचा मुलगा मॅल्कम मॅकडफला म्हणतो, पुरुषासारखं तोंड दे. मॅकडफ म्हणतो, देईन, पण पुरुषासारखं मला ते आधी सोसायलाही हवं. त्या तासाला मागच्या बाकांवर जी शांतता असते, ती मी सारांश सांगून कधी मिळवलेली नाही.

तुमच्या हाताशी एकच तास असेल तर सातव्या प्रवेशाच्या शेवटच्या पन्नास ओळी घ्या, फक्त दोघांचं बोलणं. सार त्यानंतर सांगा, आणि ते पुरेसं वाटतं का हे मुलांनाच विचारा. काय म्हणाली ते इथे लिहिलंत तर मला खरंच वाचायचं आहे.