इंजिन खोलायच्या आधी रबर बघा

आठ वर्षं चादरीखाली उभी असलेली माझी २००४ ची स्प्लेंडर परवा रस्त्यावर आली आणि तेव्हापासून गल्लीतले निम्मे लोक "कितीला पडली" विचारतायत आन् उरलेले निम्मे "भंगारात का नाय घातली बे" म्हणतायत. प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

२०१७ ला नोकरीसाठी पुण्याला गेलो. आपल्या सोलापूरच्या पोरांचं काय, हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसलं की परत यायचं नाव नाही. "दोन महिन्यात येऊन नेतो" म्हणत गाडी सोलापुरातच पूर्व भागात काकांच्या कापड विणायच्या मागाच्या शेडात लावली आणि त्यांनी मायेनं वर एक फॉल्टी चादर टाकली. ही चादर म्हणजे पहिली चूक. पावसाळ्यात ती ओल धरून बसायची, उन्हाळ्यात वाळायची, आणि चेन आन् रिम त्या ओलीत आठ वर्षं निवांत गंजत बसले. यंदा उन्हाळ्यात परत आल्यावर चादर काढली तर इंजिनच्या पात्यांमध्ये मागाचा तूस असा ठासून भरलेला की वाटावं कुणी उशीच भरलीय. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं, ते खिळ्यानं कोरून काढावं लागलं. टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा वास नाहीच, जुन्या वॉर्निशचा.

मी ढकलत एका गॅरेजला नेली. नाव घेत नाही. त्यानं गाडीवर बसून जोर लावून दोन किका मारल्या, किक खाली जाईना, लगेच म्हणला "इंजिन जाम, खोलावं लागेल, १४ हजार धरून चाला." स्पार्क प्लग काढून बघितला नाही, काय नाही. मे महिन्याच्या उन्हात तीच गाडी ढकलत परत आणली, आणि माझं मत विचाराल तर उभ्या गाडीकडं बघून ज्याचं पहिलं वाक्य "इंजिन खोलावं लागेल" असतंय त्याच्याकडनं गाडी अशीच ढकलत परत आणावी.

मग अशोक चौकाकडचे एक जुने मिस्त्री सापडले, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते म्हणले, "आधी किकला पाय लावू नको." प्लग काढला, भोकातनं चमचाभर ऑइल सोडलं, गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी किक पायानं नाही, हातानं हळूहळू दाबली, थोडी खाली, परत वर, परत खाली, आणि पाचव्या-सहाव्यांदा फसकन हवा सुटली आणि पिस्टन हलला. झालं. १४ हजाराचं काम चमचाभर ऑइलवर आलं. कोरड्या सिलिंडरवर किका मारत बसलं असतं तर पिस्टनच्या रिंगांनी ओरखडे पाडले असते आणि मग खरंच इंजिन खोलावं लागलं असतं, हे कुणी सांगत नाही.

खरी घाण पेट्रोलच्या वाटेत होती. टाकीतनं जे निघालं ते काळ्या चहासारखं, आतून गंज. चाचानं टाकीत मूठभर बारके नट आन् लिटरभर डिझेल घातलं, कॉकचं, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या नळाचं, भोक बंद केलं आणि मी आन् त्यांचा पोरगा दोघं अर्धा तास ती टाकी पाळण्यासारखी हलवत बसलो, खाली तीच चादर अंथरून. तीनदा केलं तेव्हा डिझेल जरा स्वच्छ निघालं. पेट्रोलात हवा मिसळून इंजिनला देणारा कार्बोरेटर खोलला तर खालच्या वाटीत हिरवट-तपकिरी चिकट थर. त्यातल्या स्लो जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारक्या नळीचं, भोक केसाएवढं, तेच बुजलेलं. मी शहाणपणा करून सुई पुढं केली तर चाचानं हातावर चापट मारली. स्टीलच्या सुईनं भोक मोठं होतंय, मग गाडी जन्मभर पेट्रोल पिते. त्यांनी वायरीतली तांब्याची एक तार सोलून काढली आणि ती घालून फिरवली, मग फुंकर मारून जेट उजेडाला धरला. आरपार उजेडाचा ठिपका दिसला तेव्हा गडी हसला.

बॅटरी मेलेलीच होती, पण या जुन्या स्प्लेंडरला स्पार्क इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोवरनं मिळतो, बॅटरी नसली तरी किकवर चालू होते. हॉर्न आन् इंडिकेटर तेवढे मुके राहतात. चालू झाली पण पहिला गिअर टाकला की क्लच दाबलेला असूनही पुढं उडी मारायची, कारण क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या. मोकळ्या गल्लीत क्लच दाबून धरत गिअरमध्ये पुढं-मागं रेटल्यावर सुटल्या. एअर फिल्टरच्या फोमला हात लावला तर आपल्या कडक भाकरीसारखा चुरा.

आता टायरचं. नक्षी एकदम शाबूत, मी म्हणलं चालतील की अजून चार वर्षं. चाचानं टायरच्या कडेवरचा चार आकडी नंबर दाखवला, २३१४. म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. हवा भरून जरा दाबलं तर कडेला अशा भेगा उघडल्या की नख आत जाईल. आपल्याकडचं ऊन रबर सोडत नाही राव. ब्रेकचे केबल, पुढच्या फोर्कचे (शॉकचे) सील, पेट्रोलची नळी, सगळं तसंच. म्हणून मी म्हणतो, उभ्या गाडीत लोखंड गंजतंय खरं, पण आधी मरतंय ते रबर आणि दुसरा कागद. लोक मात्र पैसा इंजिनवर आन् पॉलिशवर घालतात आणि भेगाळलेल्या टायरवर बायकापोरं बसवून तुळजापूरला जातात.

माझा पार्ट आन् मजुरीचा खर्च मिळून साडेआठ हजार. त्यात सगळ्यात मोठा आकडा टायर-ट्यूबचा, मग चेनसेट.

कागदाचं लवकर सांगतो. पंधरा वर्षांचं पासिंग, म्हणजे आरटीओची नोंदणी, २०१९ लाच संपलेलं, मग ती पुढं वाढवायचा फॉर्म २५, जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्स, उशिराचा दंड, चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून ठसा, गाडी दाखवायला नेणं. थर्ड पार्टी विमा ७१४ रुपये अन् वर जीएसटी, पीयूसी, आणि नवीन नंबर प्लेट ४५० अधिक जीएसटी. गाडी उभी असली तरी पासिंग वेळेवर करून घ्यायला पाहिजे होतं, ही चूक माझीच, दुसऱ्या कुणाची नाही.

अजून एक. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतंय, आणि जुन्या गाड्यांचे काही रबरी पार्ट आन् गॅस्केट बदलावे लागू शकतात हे पेट्रोलियम मंत्रालयानं २०२५ मध्ये स्वतःच सांगितलंय. गंमत बघा, जिल्हाभर ऊस आपला, कारखाने आपले, आणि त्याच उसाचा अर्क माझ्या कार्बोरेटरच्या रबराला खातोय. उसाच्या बिलाची वाट बघणाऱ्या मामाला हे बोललो तर म्हणला "मग आमचा ऊस काय बैलांना घालू का?" त्याचंही बरोबर आहे. मी आपलं ठरवलंय, महिनाभर उभी ठेवायची असली तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करून ठेवायचा.

परवा गुरुवारी अक्कलकोटला निघालो, चाळीस किलोमीटर. एमआयडीसी, कुंभारी व्यवस्थित गेलो, वळसंगच्या अलीकडं गाडी गचके देत बंद. उन्हात, झाड नाही. चाचा आधीच म्हणाले होते की पेट्रोलच्या नळीत बारका फिल्टर बसव, टाकीतला गंज अजून महिनाभर सुटत राहणार, आणि मी म्हणालो होतो कशाला, तीनदा धुतलीय की टाकी. कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू ढिला करून थोडं पेट्रोल सांडलं तर त्याच्याबरोबर गंजाचा एक कण बाहेर आला, मोहरीएवढा. परत स्क्रू आवळला, दुसऱ्या किकला चालू.

दर्शन झालं. येताना कुंभारीत एका दुकानात फिल्टर मिळाला, ४० रुपये, तिथंच बसवून घेतला. चाचाला अजून सांगितलं नाही.