चारपैकी चार: फ्लेम्सवरून कट्ट्यावर झालेलं भांडण

चार मॅच, चार विजय, आणि ताईचं म्हणणं असं की हे टीमसाठी वाईट झालं. भांडण तिथनंच पेटलं. ऑक्टोबर 2024 ची गोष्ट, शिकागोला घरच्या बर्फावर हरवून कॅल्गरी फ्लेम्स (एनएचएल लीगमधली आमची आइस हॉकीची टीम) चारपैकी चार झालेले, आम्ही नेहमीचे पाच जण सॅडलडोम या टीमच्या स्टेडियममधून निघून सेव्हन्टीन्थ अव्हेन्यूच्या कोपऱ्यावरच्या त्या बुटक्या भिंतीवर येऊन टेकलेलो, थंडी वाजत होती पण घरी जायची घाई कुणालाच नव्हती. तेव्हाच लिहायचं होतं, राहून गेलं, तो सीझन संपल्यावर लिहितोय.

जे ही टीम फॉलो करत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो, नाहीतर चार विजयांचं एवढं काय हे कळणार नाही. आदल्या सीझनला 82 मॅचमध्ये 81 पॉइंट (विजयाला दोन, ओव्हरटाइममध्ये हरलं तरी एक), प्लेऑफ म्हणजे कपसाठीची बाद फेरी नाही. त्याच सीझनमध्ये झाडोरोव्ह गेला, लिंडहोम गेला, टॅनेव्ह गेला, हॅनिफिन गेला, एकेक करून सगळे ट्रेड. उन्हाळ्यात मेन गोली (गोलकीपर) मार्कस्ट्रॉम न्यू जर्सीला दिला, मग मँजियापानी वॉशिंग्टनला. म्हणजे जनरल मॅनेजर कॉनरॉयने घर मोकळं करायला घेतलेलं हे उघड होतं आणि सीझनच्या आधी जवळपास सगळेच आपल्याला तळाच्या टीम्समध्ये धरून चालले होते. त्यात ऑगस्टच्या शेवटी आमचा जुना लाडका खेळाडू जॉनी गॉड्रो आणि त्याच्या भावाच्या मृत्यूची बातमी आली. तो 2022 मध्येच कोलंबसला गेला होता पण या शहरात तो कधी परका झालाच नाही. त्याची तेरा नंबरची जर्सी घातलेली माणसं तेव्हा जिकडेतिकडे दिसायची. तर असं सगळं असताना ही टीम व्हँकुव्हरला जाऊन जिंकते, फिलाडेल्फियाला हरवते, एडमंटनला त्यांच्या घरात 4-1 मारते आणि मग शिकागो.

धाकट्या तर जमिनीवर नव्हताच. व्हँकुव्हरची मॅच तो चौथ्यांदा सांगत होता, 1-4 ने मागे, संपल्यात जमा, आणि मग एकेक गोल परत, ओव्हरटाइममध्ये झॅरीचा गोल, 6-5. "आदल्या वर्षीची टीम असती ना तर चौथा गोल खाल्ल्यावरच मान टाकली असती," त्याचं म्हणणं. कोच हस्काने काहीतरी बदललंय, पोरं पक (हॉकीची चकती) सोडतच नाहीत, फोरचेक (समोरच्यांच्या भागात घुसून दाबणं) बघा, बॅकलंड या वयात कसा पळतोय बघा.

ताई शांतपणे ऐकत होती आणि मग म्हणाली, "सगळं खरं रे, मलापण बरं वाटलं, पण आता सांग, या टीमचा एक नंबरचा सेंटर कोण आहे पुढच्या सात वर्षांसाठी?"

कुणी बोलेना. (सेंटर म्हणजे हल्ल्याच्या फळीतला मधला, महत्त्वाचा खेळाडू.)

"काद्री चौतीसचा झाला. बॅकलंड पस्तिसचा. तसला सेंटर फुकट मिळत नाही, ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स नंबराने नवी पोरं निवडतात तिथे, वरून उचलावा लागतो आणि कॅल्गरीत आल्यापासून या टीमला पहिल्या तिनातला पिक एकदासुद्धा मिळालेला नाही. सगळ्यात वरचा म्हणजे चौथा, 2014 चा, सॅम बेनेट. आणि तो बेनेट आत्ता जूनमध्ये कुठे कप उचलत होता? फ्लोरिडात. शेजारी कोण? टकाचुक."

हे लागलं सगळ्यांना. टकाचुकची जखम अजून ओली आहे, 2022 च्या त्या एका उन्हाळ्यात गॉड्रो आणि टकाचुक दोघंही गेले त्यातून ही टीम मनाने अजून बाहेर आलेली नाही असं मला वाटतं.

ताईचा मुद्दा ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीवर होता. सगळ्यात शेवटच्या टीमला पहिल्या पिकचा चान्स 25.5 टक्के, आणि लॉटरीत नशीब कितीही फुटलं तरी ती तिसऱ्याच्या खाली जात नाही. एक वर्ष मार खा, नीट खा, आणि एकदाचा तो पोरगा घेऊन या. मधल्यामध्ये लटकत राहणं हा या टीमचा आजार आहे, धड वर नाही धड खाली नाही, दरवर्षी नव्वदच्या आसपास पॉइंट आणि दरवर्षी सोळाव्या नंबरचा पिक. हे ती अगदी पोटतिडकीने बोलते, तिला टीम हरलेली आवडते असं कुणी म्हटलं तर डोळ्यात पाणी येईल तिच्या.

अण्णांना हे सहन होत नाही. "अगं पण खेळाडूंना कसं सांगणार हरा म्हणून? तो वीगर शॉट ब्लॉक करायला बर्फावर लोळतोय, त्याला जाऊन सांगशील का तू, की बाबा जरा बाजूला हो, आपल्याला पिक पाहिजे?"

"मी खेळाडूंना सांगत नाहीये अण्णा, मी कॉनरॉयला सांगतेय. चार विजय बघून त्याने विकणं थांबवू नये एवढंच."

मग डॉक्टर सुरू झाला. (डॉक्टर म्हणजे आमचा आकडेवाला, इंजिनियर आहे, नाव डॉक्टर पडलंय.) त्याचं ताईसारखं नव्हतं, त्याचं म्हणणं काळजी करायचं कारणच नाही कारण हे टिकणार नाही. टीमच्या शॉटपैकी किती टक्के गोल होतात आणि आपला गोली किती टक्के अडवतो, या दोन्हीची बेरीज करायची, पीडीओ म्हणतात त्याला, ती पूर्ण लीगची शंभर येते आणि कुठलीही टीम फार वर गेली की हळूहळू शंभराकडे खाली येतेच. चार मॅचचा नमुना तर काहीच नाही. "बफेलो 2018 बघ. नोव्हेंबरात सलग दहा जिंकले, पूर्ण लीगमध्ये पहिले. सीझन कितीवर संपवला? 76 पॉइंट. प्लेऑफसुद्धा नाही. कोलोरॅडो 2013, रॉय नवा कोच, सोळातल्या चौदा जिंकून सुरुवात, 112 पॉइंट, आणि पहिल्याच राउंडला मिनेसोटाने सात मॅचमध्ये घरी पाठवलं, पुढच्या वर्षी प्लेऑफच नाही."

"आणि आपलेच बघ ना," तो पुढे म्हणाला, "2014-15."

हे उदाहरण त्याने काढायला नको होतं असं मला तेव्हा वाटलं, कारण त्या सीझनवर आमचं सगळ्यांचं फार प्रेम आहे. हार्टलीची टीम, पक बहुतेक वेळ समोरच्यांकडे, आकडेवाले ओरडत होते की ही टीम पडणार पडणार, आणि ही पोरं तिसऱ्या पिरियडमध्ये मागून येऊन येऊन जिंकत गेली, 97 पॉइंट, प्लेऑफमध्ये व्हँकुव्हरला हरवलं. डॉक्टरचं म्हणणं, पुढच्या वर्षी काय झालं? पडली. हार्टलीला कोच ऑफ द इयर मिळालं आणि वर्षभरात नोकरी गेली.

इथे मी तोंड उघडलं. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे, की पुढच्या वर्षी पडली म्हणून त्या वर्षीचे 97 कुणी परत घेतले का? पीडीओ खाली येतो म्हणजे पुढच्या मॅचेस आपण सरासरी खेळू, मागचे जिंकलेले पॉइंट वजा होत नाहीत. लोक बोलताना असं बोलतात जणू नशिबाने मिळालेलं नंतर व्याजासकट भरावं लागतं. तसं काही नसतं. आठ पॉइंट खिशात आहेत ते आहेत.

डॉक्टर हे मान्य करतो, तो प्रामाणिक माणूस आहे. पण लगेच फोनवर हिशोब करून दाखवला. उरलेल्या 78 मॅच आपण आदल्या वर्षीच्याच वेगाने खेळलो तर 77 पॉइंट, अधिक हे आठ, 85. "म्हणजे तुझ्या चार विजयांनी 81 चे 85 झाले. लीगच्या वेस्ट भागातून प्लेऑफच्या आत जायला साधारण पंचाण्णव लागतात. उरलेले दहा कुठून आणणार?"

"गोलीकडून," अण्णा म्हणाले.

आणि मग त्यांनी 2004 काढलं. ते ऐकताना आम्ही कुणी मध्ये बोलत नाही, कारण आमच्यापैकी तेव्हा इथे असलेले ते एकटेच. सात वर्षं प्लेऑफ नाही, 2003 च्या नोव्हेंबरात सॅन होजेकडून किप्रसॉफ आला, एका सेकंड राउंड पिकच्या बदल्यात, तिथे त्याला खेळायलाच मिळत नव्हतं. आणि त्याच टीमने व्हँकुव्हर, डेट्रॉइट, सॅन होजे असे तिघं पाडले, तिन्ही सिरीजचा निर्णायक गोल जेलिनाचा, फायनलमध्ये टँपाबरोबर सातव्या मॅचपर्यंत. याच रस्त्यावर तेव्हा लाल जर्सीच लाल जर्सी, गाड्या बंद, अनोळखी माणसं गळ्यात पडत होती. "कॅप्टन इगिन्ला होता, मान्य, पण टीम कुठल्या कुठे गेली ती एका गोलीमुळे. तुमचा पीडीओ म्हणतो गोली सरासरीवर येतो. पण गोलीच चांगला असेल तर त्याची सरासरीच वर असणार ना?"

डॉक्टर गप्प झाला, कारण मुद्दा बरोबर होता. आमच्या तरुण गोलीबद्दल, डस्टिन वुल्फबद्दल बोलत होते अण्णा. 2019 च्या ड्राफ्टमध्ये 214 वा, त्याच्या मागे फक्त तीन नावं, कारण काय तर उंची कमी. आजकालचे गोली सगळे साडेसहा फुटाकडे झुकलेले आणि हा सहा फूट. खालच्या प्रत्येक लीगमध्ये याने बक्षिसं घेतली तरी शंका संपेना. त्याला बघताना एक गोष्ट मुद्दाम बघायची, शॉट यायच्या आधी तो कुठे असतो ते. पास निघायच्या आधीच तो पोस्टच्या पलीकडे सरकलेला असतो, त्यामुळे सेव्ह सोपा दिसतो, डाइव्ह नाही काही नाही, छातीवर येऊन पक थांबतो. टीव्हीवर हे कळत नाही, आत बसल्यावर कळतं. तेव्हा हस्का त्याला आणि व्लादार या दुसऱ्या गोलीला आलटून पालटून खेळवत होता, आणि माझं मत झालं होतं की नवीन वर्ष लागेपर्यंत हा एक नंबर असेल.

रात्री उशिरापर्यंत बसलो. ताई शेवटपर्यंत हटली नाही.

पुढे काय झालं ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. ऑक्टोबर संपायच्या आत सलग पराभव आले आणि ग्रुपवर डॉक्टरने फक्त "100" असा आकडा टाकला. पण टीम पडली नाही. गोल करण्यात आम्ही पूर्ण सीझन लीगच्या तळाला, काद्रीने 35 मारले नाहीतर काय झालं असतं कोण जाणे, आणि तरी दर आठवड्याला टीम शर्यतीत होती कारण मागे वुल्फ होता. कॉल्डरच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम नवख्याच्या बक्षिसाच्या, शेवटच्या तिघांत आला. कॉनरॉयने जानेवारीत फिलाडेल्फियाकडून फ्रॉस्ट आणि फॅराबी आणले, म्हणजे ना विकलं ना भविष्य जाळलं. 41 विजय, 27 पराभव, 14 ओव्हरटाइमचे पराभव. 96 पॉइंट. डॉक्टरच्या 85 च्या अकरा वर.

आणि प्लेऑफ नाही. सेंट लुईसचेही 96. त्यांनी सीझनच्या शेवटाकडे सलग बारा मॅच जिंकल्या आणि पॉइंट सारखे झाले की साठ मिनिटांच्या आत जिंकलेल्या मॅच मोजतात, त्या त्यांच्या जास्त.

एप्रिलमध्ये परत जमलो तेव्हा पुन्हा तेच भांडण, फक्त आता आकडे खरे. ताई म्हणाली, "झालं का समाधान? ना प्लेऑफ ना वरचा पिक. मी ऑक्टोबरात हेच सांगत होते." तिचं चूक आहे असं मी म्हणणार नाही, सेंटरचा प्रश्न जिथल्या तिथे आहे आणि तो सुटल्याशिवाय ही टीम कप जिंकणार नाही. पण त्या आठ पॉइंटांशिवाय मार्चमध्येच सगळं संपलं असतं, वुल्फसारख्या तेवीस-चोवीस वर्षांच्या पोराला शेवटच्या आठवड्यापर्यंत जीवनमरणाच्या मॅच खेळायला मिळाल्या नसत्या, आणि हे ड्राफ्टमधून मिळत नाही. माझ्या मते त्या चार विजयांची खरी कमाई ही आहे.

डॉक्टरचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होतं. चौदा ओव्हरटाइमचे पराभव, त्यातला एक जरी जिंकला असता तरी 97 आणि आत, टायब्रेकची भानगडच नाही. ओव्हरटाइमच्या थ्री-ऑन-थ्रीला (तीन विरुद्ध तीन) पळणारी माणसं आपल्याकडे कमी आहेत, पुढच्या सीझनला हस्काने पहिलं हे बघावं असं त्याचं मत आणि यावर आमच्यात पहिल्यांदाच एकमत झालं.

मग धाकट्याने विचारलं, व्हँकुव्हरचा तो विजय, 1-4 वरून 6-5, तो टायब्रेकमध्ये कसा धरतात? डॉक्टर म्हणाला, ओव्हरटाइमला जिंकलो ना, पॉइंट दोन मिळाले पण साठ मिनिटांतला विजय नाही, तिथे शून्य. धाकट्या म्हणाला हा नियमच चूक आहे. ताई म्हणाली नियम बरोबर आहे, पहिल्या पिरियडमध्ये चार गोल खायचे नाहीत. आणि अण्णांनी दोघांना थांबवून विचारलं की काद्रीच्या बाजूला पुढच्या वर्षी कोण खेळणार, त्यावर मग साडेअकरापर्यंत चाललं.