सर, बिलात की विदाऊट बिल?

फोन उचलल्यावर डीलरचं पहिलं वाक्य हे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी काय मंडईत कोथिंबिरीची जुडी घेतोय? सोनीचा एफएक्स३ घ्यायचाय, लग्नाच्या शूटिंगसाठी व्हिडिओ कॅमेरा. दोन सीझन लोकांच्या हळदी-वरातींत रात्र रात्र खांद्यावर ओझं घेऊन उभा राहिलो, त्याचे पैसे आहेत हे.

विदाऊट बिल म्हणजे कस्टम ड्यूटी चुकवून कुणाच्या तरी बॅगेतून आलेला पीस. सर्व्हिस सेंटरला नेला की तिथला पोरगा सिरीयल नंबर टाकतो आणि मान हलवतो, इंडिया वॉरंटी नाही. चोरीला गेला तर पोलीस बिल मागणार, इन्शुरन्सवाला बिल मागणार. आमच्यासारख्या जीएसटी भरणाऱ्या स्टुडिओचं १८ टक्के क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या करातून वळता करायची सोय, बुडतं ते वेगळंच. मग स्वस्त पडलं कुणाला?

म्हणून मी म्हणालो, बिलातच द्या. तर भाव दुकानापेक्षा ६० हजारांनी कमी! तिथेच ओळखायला हवं होतं, मान्य. पण तुळशीचं लग्न तोंडावर, तारखा घेऊन ठेवलेल्या, जुन्या कॅमेऱ्याने मान टाकलेली. ५ हजार टोकन यूपीआयने मारले.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. "सर, हँडल वेगळं घ्यावं लागेल हां. बॅटरी पण. चार्जिंगचं पण."

अरे बाबा, एफएक्स३च्या डब्यात एक्सएलआर हँडल, म्हणजे माइक जोडायची मूठ, कंपनीच घालते! बॅटरीही घालते! तूच डबा फोडणार, आतला माल बाहेर काढणार आणि मलाच परत विकणार? (हँडलशिवायही मिळतो तो धाकटा, एफएक्स३०. निदान आपण काय विकतोय एवढं तरी पाठ कर.) सगळं धरून बेरीज केली, तर दुकानापेक्षा ८ हजार जास्तच!

मग जीएसटी नंबर मागितला. लगेच आला. सुरुवातीला २७, म्हणजे महाराष्ट्राचाच. पोर्टलवर टाकला, तर निघाला कुणा फरशीवाल्याचा. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल, आपल्या नावावर कॅमेरे विकले जातायत म्हणून.

टोकन परत मागितलं, तर साहेबांनी क्यूआर कोड पाठवला. "स्कॅन करून पिन टाका सर, रिफंड येईल." पैसे घ्यायला पिन लागत नाही हे माझ्या आईलाही कळतं रे! १९३०ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करून तक्रार नोंदवली. ५ हजारांवर पाणी सोडल्यातच जमा.

आणि वर मित्रांचं शहाणपण, "जरा बघून घ्यायचं ना." काय काय बघू? जीएसटी बघू, सिरीयल नंबर बघू, रिव्ह्यू खरे की विकतचे ते बघू, पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढू, मधे कट नको म्हणे, नाहीतर तक्रार धरत नाहीत. म्हणजे कॅमेरा घ्यायला आधी कॅमेरामन लावू? चोरी त्यांची, पहारा मी द्यायचा!

शनिवारच्या लग्नाला शेवटी भाड्याचा कॅमेरा आणलाय. आज सकाळी त्याच नंबरवरून गुलाबाच्या फुलांसकट 'शुभ सकाळ' आलं. खाली लिहिलंय, "सर, लेन्स बघताय का? विदाऊट बिल देतो."