सेमिनोल की डचेस? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

दोन इंजिनांची छोटी विमानं ओळखण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप आधी थोडक्यात सांगतो. पहिला : पंख खाली, पिस्टन इंजिनं दोन आणि शेपटी ‘टी’च्या आकाराची (आडवी फळी उभ्या शेपटीच्या माथ्यावर) असेल तर ती पायपर सेमिनोल, असं मी ठामपणे लिहिलं होतं. तुम्ही अमेरिकेत मल्टी-इंजिन रेटिंग (एकाहून जास्त इंजिनांचं विमान उडवायची परवानगी) सेमिनोलवरच घेतलंत आणि तिथेच शेजारी तशाच शेपटीची बीचक्राफ्ट डचेस रोज पाहिलीत. दुसरा : पार्टेनाविया पी६८ आणि टेक्नाम पी२००६टी या पंख वर असलेल्या दोन विमानांमधला फरक मी ‘चाकं आत जातात की नाही’ एवढ्यावरच उरकला. तिसरा : फोनवर फ्लाइटरडार (उडणारी विमानं नकाशावर दाखवणारं अ‍ॅप) उघडलं की विमानाचं नाव दिसतंच, मग हा खटाटोप कशासाठी?

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. चूक कुठून आली तेही सांगतो. मी गोंदियाचा. इथे बिरसीच्या विमानतळावरून प्रशिक्षणासाठी उडतात ती डायमंडची विमानं : एका इंजिनाचं डीए४० आणि दोन इंजिनांचं डीए४२. दोघांचीही शेपटी टी. धानाच्या बांधीत उभं राहून मी वर्षानुवर्षं हीच पाहत आलो. त्यामुळे ‘टी शेपटी, दोन इंजिनं, पण डायमंड नाही, म्हणजे सेमिनोल’ अशी वजाबाकी डोक्यात पक्की बसली होती. त्या वजाबाकीत डचेसला जागाच नव्हती.

खरं तर या दोघींइतकी फसवी जोडी या वर्गात दुसरी नाही. दोन्ही १९७० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आल्या. दोघींत लायकॉमिंगची १८० अश्वशक्तीची दोन इंजिनं, दोघींतही दोन पंखे (प्रोपेलर) एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे, दोघींत आसनं चार. पंखांच्या लांबीत फरक जेमतेम वीतभराचा. आणि टी शेपटीची तेव्हा लाटच होती. पायपरने ती आपल्या एका इंजिनाच्या अ‍ॅरोला दिली, लान्सला दिली, आणि लान्सच्या जागी साराटोगा आणली तेव्हा पुन्हा खाली उतरवली. जी गोष्ट एका कंपनीने तीन वर्षांत चढवली आणि उतरवली, तिच्यावर ओळख टांगायला नको होती.

मग टांगायची कशावर? तुमच्या प्रतिक्रियेनंतर दोन्ही विमानांचे मिळतील तेवढे फोटो समोर ठेवून बसलो. आता वाटतं की ज्या खुणेमागे बांधणीचं कारण आहे, तीच धरावी. रंगाचे पट्टे बदलतात. पंख्याची पातीही बदलतात, दोन पात्यांच्या जागी तीन बसवून घेणारे मालक पुष्कळ आहेत. पण दार कुठे आहे आणि इंधन कुठे भरतात, हे सहसा कोणी बदलत नाही.

दारापासून सुरुवात करू. सेमिनोल पायपरच्या चेरोकी घराण्यातली, आणि त्या घराण्याची रीत म्हणजे पुढे दार एकच, तेही उजवीकडे. डावीकडे बसणारा वैमानिक उजव्या पंखावरून चढतो, आत सरकत आपल्या जागी जातो, मग प्रशिक्षक बसून दार ओढून घेतो. तुम्ही हे कितीदा केलं असेल! डचेसला मात्र दोन्ही बाजूंना दारं आहेत. म्हणून विमानाची डावी बाजू दिसत असेल तर तीच आधी बघावी. वैमानिकाच्या खिडकीभोवती दाराची पूर्ण चौकट आणि पंखावर पाय ठेवायची खडबडीत पट्टी दिसली, तर डचेस. नुसती खिडकी दिसली, तर सेमिनोल. सेमिनोलची ती खिडकी संकटकाळी बाहेर पडायला उघडते, पण ते दार नव्हे.

दुसरी खूण इंधनाची, आणि मला ती सगळ्यात आवडते, कारण ती विमान कसं बांधलंय तेच दाखवते. सेमिनोलच्या इंधनटाक्या इंजिनांच्या मागे, नॅसेलमध्येच (इंजिनाभोवतीच्या लांबट आवरणात) आहेत. साहजिकच ते नॅसेल पंखावरून मागे लांब जातं आणि इंधन भरायचं झाकणही त्याच्याच पाठीवर असतं. डचेसचं इंधन पंखात, झाकण पंखावर. रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, इंधन भरत असतानाचा फोटो असेल तर माणूस नळी कुठे धरून उभा आहे एवढ्यावरून निकाल लागतो.

आणि शेपटी पाहायचीच असेल तर तिचा आकार सोडून बिजागरी पाहा. सेमिनोलच्या टीची आडवी फळी अख्खी हलते, तिला स्टॅबिलेटर म्हणतात. डचेसमध्ये पुढचा भाग स्थिर आणि मागची झडप तेवढी हलते, त्यामुळे फळीवर आडवी रेघ दिसते. उभ्या विमानात स्टॅबिलेटर सबंध कललेला दिसला, की शंका उरत नाही.

डीए४२ चं वेगळं सांगतो, कारण मूळ लेखात त्याला दोनच ओळी मिळाल्या आणि त्याच्यावर तो अन्याय झाला. डायमंडचं मूळ ग्लायडर बनवणाऱ्या घराण्यात आहे, आणि खालून पाहताना ते लपत नाही. पंख अरुंद आणि लांब, १३ मीटरपेक्षा जास्त, टोकं वर वळलेली. केबिन संपली की धड एकदम बारीक होतं. सेमिनोलचा पंख साडेअकरा-बारा मीटरचा आणि चांगला रुंद. डीए४२ चं अंग कॉम्पोझिटचं, म्हणजे धातूऐवजी धागे आणि रेझिनचं, रिव्हेटची एक ओळ दिसणार नाही. त्याची इंजिनं डिझेल जातीची आहेत, विमानतळावर सहज मिळणारं जेटचं इंधन त्यांना चालतं. थोरला भाऊ डीए६२ शेजारी उभा असेल तर पुढचं दार पाहावं. डीए४२ ची पुढची काच अख्खी पुढे उघडते, डीए६२ ला दोन्ही बाजूंना वर उचलायची दारं आहेत.

पायपरची सेनेका आणि बीचक्राफ्टची बॅरन या दोन इंजिनांच्या आणखी दोन विमानांबद्दल तुम्ही काही म्हटलं नाहीत, तिथे मी लिहिलेलं टिकतं असं धरतो. सेनेकाचा पंख फळीसारखा सरळ, बॅरनचा टोकाकडे निमुळता. खालून एवढं पुरतं.

आता दुसरा आक्षेप. इथे मी चूक केली नाही, घाई केली. पी६८ ची चाकं कायम बाहेर असतात आणि पी२००६टी ची आत जातात, हे बरोबर आहे. पण चाकं आत जाणारं पी६८आरही आहे, आणि उतरायला आलेल्या टेक्नामची चाकं बाहेरच असणार. म्हणजे नेमकं विमान जवळ येतं तेव्हाच ही खूण कामाची राहत नाही. दोघांचं साम्य मात्र योगायोगाने आलेलं नाही. दोन्ही विमानं नेपल्सच्या लुइजी पास्काले यांच्या हातची. पी६८ चं पहिलं उड्डाण १९७० चं, पी२००६टी चं २००७ चं. वर पंख, त्याला लटकलेली दोन इंजिनं, हा घाट त्यांनी सदतीस वर्षांनी पुन्हा घेतला. पण पी६८ हे सहा जणांचं, जवळजवळ दोन टनांचं विमान, इंजिनं २०० अश्वशक्तीची. पी२००६टी चार जणांचं, सव्वा टनाच्या आसपास, आणि त्याची रोटॅक्स इंजिनं १०० अश्वशक्तीची. म्हणून टेक्नामचं नॅसेल पंखाखाली अगदी लहानसं दिसतं. शिवाय चाकं आत घ्यायला जागा हवी म्हणून पोटाच्या दोन्ही बाजूंना फुगवटे दिलेत. ते फुगवटे चाकं बाहेर असली तरी दिसतात, आणि मी लिहायला हवं होतं ते हेच.

तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर याच जोडीत आहे. माझ्या मावसभावाने होसूरच्या धावपट्टीवर काढलेला एक फोटो मला दाखवला. वर पंख, दोन इंजिनं, नोंदणी क्रमांक पुसट. तो म्हणाला, टेक्नाम. फोटो १९९० च्या दशकातला, तेव्हा टेक्नामचं हे विमान जन्मालाही आलं नव्हतं. ते होतं पी६८. पुण्याच्या इंडियन सीमलेस समूहाने उभ्या केलेल्या तनेजा एरोस्पेसने ही विमानं होसूरला बांधली होती. भारतात खासगी कंपनीने विमान बांधण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांतलं ते एक, आणि त्यात पुण्याचा पैसा आणि जिद्द होती. त्या फोटोवर कोणी ‘टेक्नाम’ लिहून ठेवलं असतं, तर ही सगळी गोष्ट त्या फोटोपुरती पुसली गेली असती. फ्लाइटरडार आत्ता उडणाऱ्या विमानाबद्दल सांगतं, तेही त्याचा सिग्नल पोचला तर. जुन्या अल्बममधल्या विमानाला सिग्नल नसतो. मी वापरतो ते अ‍ॅप, रोज वापरतो. आधी डोळ्यांनी ठरवतो, मग त्यात पाहतो.

मूळ लेखातला सेमिनोलचा परिच्छेद आज बदलला, डचेस स्वतंत्र घातली आणि पी६८ आणि टेक्नामच्या भागात टेक्नामच्या फुगवट्यांची ओळ जोडली. दुरुस्ती कोणाच्या प्रतिक्रियेमुळे झाली तेही तिथे लिहिलंय. एक विनंती आहे. तुमच्या प्रशिक्षणाच्या काळातला सेमिनोलच्या डाव्या बाजूचा, नॅसेलवरचं झाकण दिसेल असा फोटो तुमच्याकडे असेल, तर पाठवाल का? मला मिळालेले सगळे फोटो उजवीकडून, दाराच्या बाजूने काढलेले आहेत.